धुऱ्यापलीकडे गेलेली भुरी

डुकरं बघायला कोल्हापूरहून थेट अचलपूरला गेले होते, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग आमच्या ह्यांच्याकडे. ह्यांनी आता उत्तर तयार ठेवलंय. "मी नव्हतो गेलो," एवढंच म्हणतात आणि पेपर उघडतात.

खरं तर मी गेले होते शालूला भेटायला. शालू मूळची वऱ्हाडातली. टेलिफोन खात्यात तिची पहिली नेमणूक कोल्हापूरला झाली आणि पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकाच खोलीत शेजारी-शेजारी बसलो. माझा डबा ती खायची, तिचा मी. मग तिची बदली अमरावतीला झाली, लग्न झालं, दोघीही यथावकाश निवृत्त झालो. तिचे यजमान प्रल्हादभावोजी कृषी खात्यात होते. निवृत्तीनंतर दोघांनी अचलपूरच्या अलीकडे, भावोजींच्या वाटणीच्या शेतात घर बांधलं आणि संत्र्याच्या बागेत डुकरं सोडली. दर हिवाळ्यात शालूचा फोन यायचा, "संत्री खाले ये." या वर्षी मात्र म्हणाली, "आमची भुरी गाभण हाय. पहिल्यांदा व्याणार हाय. ये ना."

"डुकरिणीच्या बाळंतपणाला मी एवढ्या लांब येऊ?"

"ये. येताना कुंच्या शिवून आण."

शालूचं बोलणं असंच. मी कुंच्या शिवल्या नाहीत, पण तिकीट काढलं.

अमरावती

अमरावतीत उतरले तेव्हा चांगलंच ऊन आलं होतं, तरी बोचरी थंडी होती. अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याची एसटी लागायला वेळ होता म्हणून स्टँडबाहेरच्या गाडीवर गिला वडा मागितला. गिला म्हणजे ओला, दह्या-चटणीत बुडवलेला. गाडीवाल्यानं विचारलं, "बाई, चटणी कमी टाकू का?" आता कोल्हापूरच्या बाईला तिखट कमी टाकू का विचारणं म्हणजे तिच्या माहेराचा अपमान. मी म्हटलं, "घाला की, आम्ही काय भितोय होय." त्यानं घातली. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, नाकातूनही आलं, आणि त्या भल्या माणसानं पाण्याचा तांब्या पुढे केला. आमचा तांबडा रस्सा वाजत-गाजत येतो. इथलं तिखट आधी गोड बोलतं आणि मग कानाखाली वाजवतं.

एसटीत खिडकी मिळाली. काळीभोर जमीन, वेचून उरलेला कापूस झाडावर लोंबणारा, शेंगांनी वाकलेली तूर आणि मध्येच रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग, त्यांच्याभोवती उकिडवे बसून फळं निवडणारी माणसं. आमच्याकडे उसामुळं रस्त्यावरून पलीकडचं काही दिसत नाही. इथं नजर जाईल तिथवर जाते आणि उत्तरेला सातपुड्याच्या निळसर ओळीवर जाऊन टेकते.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोनाच्या घरी चालल्या?"

"मैत्रिणीकडे. डुकरं पाळतात ते लोक."

"व माय!" बाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "रानडुकरानं आमचा हरबरा सारा उकरून टाकला अन् यायले आनखी पाळाले पायजे? लोकायले काही कामधंदे नाईत का?"

मी पुढं फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. पण उतरताना त्यांनीच माझी बॅग खिडकीतून खाली दिली आणि म्हणाल्या, "जपून जा, बाई. चावतात ते."

संत्र्याखाली

फाट्यावर भावोजी मोटारसायकल घेऊन उभे होते. उंच, सडपातळ, मफलर गुंडाळलेला, आणि बोलायच्या आधी क्षणभर थांबणारा माणूस. "ताई, बसा. रस्ता खराब हाय, पण मी हळू चालवतो." खरंच इतकी हळू चालवली की एका बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं, आम्हाला मागं टाकलं.

शालू दारातच उभी होती. केस पांढरे झालेत, गाल तेच. आम्ही एकमेकींना धरून दोन मिनिटं नुसत्या हसत राहिलो आणि मग दोघीही रडलो. भावोजी बॅग आत नेऊन ठेवायचं निमित्त करून सटकले. घर चार खोल्यांचं, पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढं ताटलीत दोन ताजी संत्री.

मी नाकानं अंदाज घेत होते. वास कुठं होता? शेणाचा होता, संत्र्याच्या सालीचा होता, चुलीचा होता. ज्या वासाची मी एसटीत मनातल्या मनात तयारी केली होती तो काही येईना.

"शोधून नोको राहू," शालू म्हणाली. "ते बंद खोलीत कोंडले का वास येते. तुले कोंडलं तं तुया बी येईन."

दुपारी भावोजींनी बाग दाखवली. झाडांच्या दोन ओळींमध्ये सोलरच्या झटका मशीनची बारीक तार लावून एक पट्टा अडवलेला, आणि त्या पट्ट्यात काळी, भुरकी, ठिपक्यांची डुकरं नाक जमिनीत खुपसून कामाला लागलेली. काम हाच शब्द बरोबर. संत्र्याच्या बागेत फळं अवेळी गळतात, त्याला इथं 'गळ' म्हणतात. ती सडली की माशा होतात आणि त्या माशा झाडावरच्या चांगल्या फळाला लागतात. पूर्वी गळ वेचायला मजूर लावावे लागत. आता डुकरं वेचतात, आणि वर लव्हाळाही खातात. लव्हाळ्याचं दुखणं शेती केलेल्या कुणालाही सांगायला नको. वरून कितीही उपटा, खाली गाठ राहतेच आणि आठ दिवसांत पुन्हा हिरवा. या पोरांना ती गाठच आवडते.

"मग झाडाच्या मुळ्या उकरत नाहीत?"

"उकरतात ना. म्हणून एका जागी जास्त राहू द्याचं नाई. जमीन उकरून भुसभुशीत झाली का तार उचलाची अन् पुढच्या पट्ट्यात. त्यायच्या मागून कोंबड्या सोडतो, त्या किडे टिपतात. कोंबड्यायच्या मागून हिरवळीचं पेरतो." भावोजी थांबले. "औषध फवारून आता वर्सं झाली, ताई."

एका बाजूला चिखलाचं डबकं होतं. डुकराला घाम येत नाही, म्हणून त्याला उन्हात चिखल लागतो, आणि जिथं झोपतं तिथं ते कधी घाण करत नाही, ही दोन्ही माहिती मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी मिळाली. मी मनातल्या मनात काही जुन्या शिव्या मागं घेतल्या. तेवढ्यात दोन तरण्याताठ्या डुकरांनी माझी डावी चप्पल पळवली. चप्पल परत मिळाली, पण तिचा अंगठा गेला तो गेलाच. पुढचे सगळे दिवस मी शालूच्या बुटात हिंडले.

भुरी वेगळ्या कुंपणात होती. मोठी, राखी रंगाची, पोट जमिनीला टेकायच्या बेतात, कान डोळ्यांवर आलेले. शालूनं कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, फोड पुढं केली तर तिनं आधी शालूचा हात हुंगला आणि मग फोड अलगद ओठांनी उचलली. मी हात पुढं केला. तिनं माझाही हुंगला. ओलसर, गार नाक. मी हात मागं घेतला नाही, याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

डुकरिणींच्या बाळंतपणासाठी बांधलेली खोली भावोजींनी मोठ्या अभिमानानं दाखवली. कुडाच्या भिंती, वर पत्रा, आणि जमीन शेणानं सारवून लख्ख केलेली. कोपऱ्यात काडीसुद्धा नव्हती. आमच्या देवघरात एवढी स्वच्छता नसते. "तुमी येणार म्हणून कालच सारवली," ते म्हणाले.

शब्द

रात्री जेवायला सोल्याची भाजी होती. सोले म्हणजे तुरीचे कोवळे हिरवे दाणे, भरडून केलेली झणझणीत भाजी, सोबत ज्वारीची पातळ भाकर आणि वर मूठभर सांबार. सांबार म्हणजे इथं कोथिंबीर, हे मला शालूच्या डब्यापासून माहीत होतं, म्हणून फसले नाही. जेवताना मी सहज विचारलं की गावानं कसं घेतलं हे सगळं.

शालूनं भावोजींकडे बघितलं. "सांगा ना."

भावोजी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. शेवटी शालूच बोलली. गावाचं सोड, म्हणाली, आपल्याच लोकांनी जास्त बोलून घेतलं. भावोजींचे मोठे भाऊ घरी येऊन म्हणाले होते, आपल्या बापजाद्यांनी ढोरं ओढायचं सोडलं, शिकले, नोकऱ्या धरल्या, ते काय तू पुन्हा डुकरामागं फिरावं म्हणून? वर्षभर भाऊ बोलले नाहीत.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. यायनं एकच म्हणलं. ते काम आपल्यावर लादलं होतं, हे म्या निवडलं." शालूनं मला आणखी भाजी वाढली. "मोठे भाऊजी आता येतात. संत्री नेतात. डुकराकडं पाहत नाईत, पन भुरी कशी हाय म्हणून इचारतात."

मग युसूफभाईंचा विषय निघाला. बागेच्या पूर्वेला जो धुरा आहे, म्हणजे आमच्याकडचा बांध, त्याच्या पलीकडे युसूफभाईंचं शेत. दोन्ही घरं वडिलांच्या वेळेपासून एकमेकांना ओळखतात. बैल, वखर, पाण्याची पाळी, सगळं उसनंपासनं चालतं. डुकराची पिल्लं पहिल्यांदा आणायच्या आधी भावोजी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या धर्मात हे जनावर निषिद्ध, त्याचं नावही ते घरात काढत नाहीत. युसूफभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तुमच्या वावरात तुमी काय पाळता, तो तुमचा मामला. धुरा नोको ओलांडू द्या, बस."

"झालं नं?" शालू आता माझ्याकडे वळून बोलत होती. "त्यायनं एवढंच म्हणलं. पन हा मानूस! हा म्हणते, युसूफभाई, शब्द देतो. ज्या दिवशी माझं एक जनावर धुरा ओलांडीन, त्या दिवशी सारे इकून टाकीन. कोनं मांगला होता तुमाले शब्द?"

"आपलेपणानं देल्ला," भावोजी म्हणाले. "मांगितल्यावर देते त्याले काय अर्थ हाय."

इतक्या वर्षांत एकही जनावर धुऱ्यापलीकडे गेलं नव्हतं. भावोजी रोज तीन वेळा तार तपासत. शालू म्हणाली, माझ्या बीपीची गोळी विसरतात, तार विसरत नाहीत.

कुटाराच्या गंजीत

दोन दिवस मी राणीसारखी राहिले. उन्हात खाट टाकून संत्री खायची, दुपारी तुरीच्या शेंगा उकडून खायच्या, संध्याकाळी शालूबरोबर गळ गोळा करत हिंडायचं. कोल्हापूरच्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात म्हणून पुण्याचे लोक हसतात. शालूही तसंच म्हणते. आम्ही दोघी दिवसभर "मी करतो, मी आणतो" करत होतो आणि हसायला कुणी पुणेकर नव्हता.

तिसऱ्या दिवशी पहाटे उजाडता-उजाडता भावोजींच्या आवाजानं जाग आली. भुरी कुंपणात नव्हती.

फाटकाची खालची फळी तिनं नाकानं उचकटून काढली होती. भावोजी तसेच मफलर न गुंडाळता सातपुड्याच्या बाजूच्या नाल्याकडे धावले, कारण तिकडे रानडुकरं उतरतात आणि गावची मोकाट कुत्रीही तिकडेच असतात. शालू आणि मी बागेत ओळीओळीनं शोधू लागलो. धुकं इतकं होतं की प्रत्येक झाडाखाली मला राखी काहीतरी बसलेलं दिसायचं. शालू हाका मारत होती, "भुरी! ये व माय, ये!" आणि तिचा आवाज फाटत चालला होता. मला खरंच भीती वाटली. ज्या जनावराला भेटून पुरते तीन दिवस झाले नव्हते, त्याच्यासाठी मी शालूच्या बुटात धुक्यातून धावत होते.

रिकाम्या बाळंतखोलीशी येऊन शालू एकदम थांबली. तिनं त्या लख्ख सारवलेल्या जमिनीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"काडी कोठी हाय?" ती म्हणाली. "यायनं काडी सारी वर माळ्यावर टाकली."

मग तिनं मला सांगितलं. डुकरीण व्यायच्या आधी घरटं करते. पक्ष्यासारखं. गवत, काड्या, पालापाचोळा तोंडानं आणून रचते, आत शिरते, फिरून फिरून खळगा करते. मोकळ्या सोडलेल्या डुकरिणीला तर ते केल्याशिवाय चैनच पडत नाही. कुठलीही डुकरीण व्यायची असली की खोलीत काडीचा ढीग पसरून ठेवलेला असतो. या वेळी कोल्हापूरची पाहुणी येणार, तिला वास यायला नको, कचरा दिसायला नको, म्हणून भावोजींनी काडी माळ्यावर चढवून खोली सारवली होती. पाहुणी बघून गेली की संध्याकाळी पुन्हा पसरायची होती. पाहुणी बघून गेली, मग गप्पा लागल्या, आणि काडी माळ्यावरच राहिली. भुरीनं बिचारीनं दोन रात्री वाट बघितली असेल आणि मग स्वतःची सोय बघायला ती निघाली.

माझ्यासाठी सारवलेल्या त्या जमिनीवर मी उभी होते.

तेवढ्यात घरातून फोनची रिंग ऐकू आली. भावोजींचा फोन चार्जिंगला होता. शालूनं धावत जाऊन उचलला, मागोमाग मी. युसूफभाईंचा होता. नुसतं एकच वाक्य मला ऐकू आलं, कारण शालूनं फोन कानापासून लांब धरला होता, जणू चटका बसलाय.

"वहिनी, तुमची अमानत माझ्या कुटारात हाय."

आम्ही धुऱ्यावर पोचलो तेव्हा भावोजीही नाल्याकडून धापा टाकत येत होते. पलीकडे युसूफभाईंच्या शेतात सोयाबीनच्या कुटाराची मोठी गंजी होती. कुटार म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा-काड, त्यांच्या बैलांचा वर्षभराचा चारा. त्या गंजीच्या पोटात भुरीनं भुयारासारखी पोकळी केली होती आणि आत आडवी झाली होती. तिच्या पोटाशी गुलाबी-करडी, ओली, मुठीएवढी पिल्लं एकमेकांवर चढत दूध शोधत होती. पाच? सहा? मी मोजायला गेले आणि डोळे भरून आले, मग मोजणं राहिलं.

युसूफभाई गंजीपासून पंधरा-वीस हातांवर उभे होते. साठीचे, पांढरी दाढी, डोक्याला गोल टोपी, अंगावर घोंगडी, हातात लांब काठी. फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज झाल्यावर बैलांसाठी कुटार न्यायला आले होते आणि तेव्हापासून तिथंच उभे होते. शेताच्या कडेला दोन मोकाट कुत्री पुढच्या पायांवर तोंड ठेवून बसली होती. त्यांच्या आसपास ढेकळं फुटलेली दिसत होती. गंजीजवळ पाण्यानं भरलेलं एक घमेलं होतं आणि मातीत त्याच्या सरकत गेल्याचा लांब ओरखडा. काठीनं ढकलून दिलं होतं त्यांनी, लांबून.

"आवाज नोको करा," ते हळूच म्हणाले. "आनखी एखादं येईन असं वाटते."

आणखी दोन आली. आम्ही चौघंही धुऱ्याच्या दोन बाजूंना उभे होतो. धुकं विरत गेलं आणि सातपुडा दिसायला लागला.

मग भावोजी बोलले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "युसूफभाई, माफी करा. धुरा ओलांडला."

"हो. ओलांडला."

"म्या शब्द देल्ला होता. आज परतवाड्याच्या व्यापाऱ्याले फोन लावतो. सारे इकतो. भुरी अन् पिल्लं बी आताच उचलून नेतो."

शालूच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. "आता उचलाल तं मरतील ते पिल्लं! तिले हालवलं का ती बिथरते, अंगाखाली घेते."

"शब्द म्हंजे शब्द, शालू."

मला त्या माणसाचा राग आला आणि मायाही आली. इतक्या वर्षांचं पोरांसारखं वाढवलेलं सगळं तो एका वाक्यासाठी द्यायला निघाला होता, आणि वाकून रडणाऱ्या बायकोकडे बघत नव्हता, कारण बघितलं असतं तर देता आलं नसतं.

युसूफभाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "प्रल्हादभाऊ, एक इचारू? शब्द कोनाले देल्ला होता?"

"तुमाले."

"देल्लेली चीज देनाराची राह्यते का घेनाराची?"

भावोजी पायानं ढेकूळ फोडत राहिले.

"सांगा ना. तुमी तं शिकलेले मानसं."

"घेनाराची."

"मंग तुमचा शब्द माझा हाय. इतके वर्सं माझ्या घरात हाय. माझ्या चीजचं काय कराचं ते मी ठरवीन. तुमी कोन फोन लावनारे?" ते पहिल्यांदाच थोडं रागानं बोलले. "व्यालेल्या मायले उठवून माझ्या वावरातून हाकलाचं, हे पाप तुमी माझ्या नावानं करून राह्यले, समजते का तुमाले?"

भावोजी मटकन धुऱ्यावर बसले. त्यांनी मफलर नसलेल्या गळ्याशी हात नेला आणि तोंड झाकून घेतलं. शालू जाऊन त्यांच्याजवळ बसली.

"पन तुमची जमीन, युसूफभाई," थोड्या वेळानं भावोजी म्हणाले.

"सुकली का जमीन पाक-साफ होते. आमच्या इथी तसंच मानतात. अल्लानं ऊन कायले देल्लं?" मग गंजीकडे न बघता म्हणाले, "कुटार मात्र आता माझ्या बैलाच्या कामाचं नाई. ते तुमचं. मले तुरीचं कुटार देजा. अन् घमेलं बी राहू द्या तिकडेच."

घोंगडीवाला पहारा

मी परतीचं तिकीट रद्द केलं. ह्यांना फोन करून सांगितलं की पिल्लं जरा मोठी होईपर्यंत येत नाही. ह्यांनी विचारलं, "कुणाची?" मी फोन ठेवला.

त्या दिवसांत धुरा म्हणजे चावडी झाली. गंजीभोवती भावोजींनी झटक्याची तार लावली. दिवसा शालू आणि मी धुऱ्याच्या अलीकडे खाट टाकून बसायचो. पलीकडे युसूफभाई आपलं काम करायचे, पण दर थोड्या वेळानं कमरेवर हात ठेवून कुत्री दिसतायत का बघायचे. ते कधी गंजीजवळ गेले नाहीत. भुरीला खायला देणं-घेणं सगळं भावोजींचं, आणि ते करून आले की भावोजी धुऱ्यावर हातपाय धुऊनच पुढं बोलायला थांबायचे. कुणी सांगितलं नव्हतं. युसूफभाईंच्या पत्नी नसीमभाभींनी एकदा माझ्यासाठी गुळाची खीर पाठवली, "पाव्हण्या बाई थंडीत बसून राह्यतात" म्हणून. गूळ आमच्याकडचा होता की काय कोण जाणे, मला चव ओळखीची वाटली.

एकदा मी युसूफभाईंना विचारलं, पहाटे तुम्ही एवढा वेळ उभे का राहिलात, आधीच फोन का नाही केला?

"केला. तीनदा केला. प्रल्हादभाऊनं उचलला नाई." मग म्हणाले, "अन् फोन कराले मान खाली घालावं लागते, बाई. तेवढ्यात कुत्रं आलं असतं तं?"

सगळ्यांत धाकटं पिल्लू अगदी लहानखुरं होतं. बाकीची त्याला ढकलून द्यायची. शालू त्याला रोज हातानं उचलून पुढच्या सडाला लावायची, कारण पुढं दूध जास्त असतं. तरी ते मागंच पडायचं.

जायचा दिवस भुरीनंच ठरवला. एका सकाळी ती उठली, अंग झाडलं आणि गंजीबाहेर येऊन उभी राहिली. भावोजींनी तार काढली. शालूनं धुऱ्याच्या अलीकडून कोहळ्याची फोड दाखवत हाक मारली. बाळंतखोलीत या वेळी काडी एवढी पसरली होती की आत माणूस बुडाला असता.

युसूफभाई तेव्हा शेतातच होते, वाटेच्या अगदी कडेला. त्यांनी आम्हाला बघितलं, काठी टेकवली आणि सावकाश पाठ फिरवून सातपुड्याकडे तोंड करून उभे राहिले. मी शालूकडे बघितलं. ती कुजबुजली, "त्यायले धुरा ओलांडताना पाहाचं नाई. न पाह्यलं तं शब्द मोडला नाई."

भुरी निघाली. मागून पिल्लं, धडपडत, एकमेकांच्या शेपटीला नाक लावून. धुऱ्याच्या चढावर एक-दोन घसरली, पुन्हा चढली. भावोजी मागून हात पसरून, श्वास धरून चालत होते. भुरी अलीकडे उतरली आणि तिनं कोहळ्याची फोड घेतली, तेव्हा मी टाळी वाजवणार होते, शालूनं माझा हात धरला.

"सारे गेले का?" पाठमोऱ्या युसूफभाईंनी विचारलं.

"गेले," भावोजी म्हणाले.

"नीट मोजा. एखादं राहून जाते."

शालूनं मोजलं. पुन्हा मोजलं. एक कमी होतं. आम्ही सगळ्यांनी मागं वळून बघितलं.

धाकटं पिल्लू गंजीपासून निघून वाट चुकलं होतं आणि युसूफभाईंच्या पायाशी जाऊन थांबलं होतं. त्यांच्या दोन बुटांच्या मधे बसून ते काठीचं टोक हुंगत होतं. त्यांना ते कळलं होतं. काठी धरलेला हात दगडासारखा स्थिर होता, घोंगडी एका खांद्यावरून घसरली होती, ती त्यांनी सावरली नव्हती, आणि मान तशीच सातपुड्याकडे.

शालू धुरा ओलांडून अनवाणी धावली. वाकून तिनं पिल्लू अलगद उचललं, पदरात घेतलं आणि मागं सरकली.

"वहिनी," युसूफभाई वळून न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आता मी पाय हालवू का?"